सकाळी मशीन थंड असते

आमच्या रायपूरच्या ऑफिसात एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं: सकाळी मशीन थंड असते. इतक्या शिकलेल्या लोकांचं इतकं पक्कं एकमत मी दुसऱ्या कशावरच पाहिलं नाही. एसी किती ठेवायचा यावर तर रोज भांडणं.

मशीन म्हणजे कोपऱ्यातला एक काळा कॉम्प्युटर. आम्ही प्रोग्राम लिहिणारे लोक. कुणीही आपल्या टेबलावर बसून प्रोग्रामात काही बदल केला, की हा कोपऱ्यातला कॉम्प्युटर तो बदल आपोआप उचलतो, सगळे तुकडे जोडून पूर्ण प्रोग्राम तयार करतो आणि तो नीट चालतो की नाही हे स्वतःच तपासून बघतो. या सगळ्याला आम्ही 'बिल्ड' म्हणतो आणि तपासण्यांना 'टेस्ट'. सगळ्या टेस्ट पास झाल्या तर भिंतीवरच्या स्क्रीनवर हिरवं, एक जरी नापास झाली तर लाल. बस, एवढंच. यात न कळण्यासारखं काही नाही, आणि तरी या एवढ्यापायी माझं डोकं दुखायचं ते सांगता सोय नाही.

रोज सकाळी पहिल्यांदा लाल यायचं. पुन्हा चालवलं की हिरवं. आता एखाद्याला वाटेल, की बाबा रे, रोज सकाळी एकच टेस्ट पहिल्यांदा नापास होते तर बघावं काय भानगड आहे. छे! कुणीतरी कधीतरी चहा पिता पिता म्हणालं, "सुबह मशीन ठंडी रहती है," आणि तेव्हापासून ते ब्रह्मवाक्य झालं. कॉम्प्युटर म्हणजे काय थंडीतली स्कूटर आहे, दोन किका मारल्यावर सुरू व्हायला? पण विचारणार कुणाला. विचारलं की लोक हसून म्हणायचे, "दीदी, चल तो रहा है ना."

आमच्या मालकांना सगळे भैया म्हणतात. मला सगळे दीदी म्हणतात, भैयासुद्धा. माणूस वाईट नाही. माझे बाबा दवाखान्यात होते तेव्हा स्वतः डबा घेऊन आले होते, हे मी विसरणार नाही. पण त्यांना हिरव्या रंगाची चटक होती. सकाळी आल्या आल्या भिंतीवर हिरवं दिसलं पाहिजे. म्हणून त्यांनी मशीनलाच शिकवून ठेवलं, की टेस्ट नापास झाली तर न विचारता पुन्हा चालव. तीनदा चालव. तिन्हींत एकदा जरी पास झाली तरी पास धर. म्हणजे लाल यायचं ते घटकाभर, मग आपोआप हिरवं. "तीन चांस तो सबको मिलना चाहिए," असं म्हणायचे. खरं सांगायचं तर या नियमाला सुरुवातीला कारण होतं. आमच्याकडे नेट कधी जाईल याचा भरवसा नाही आणि नेट गेलं की काही टेस्ट बिचाऱ्या उगाचच नापास व्हायच्या. पण एकदा सवलत मिळाली, की तिच्या आडोशाला काय काय येऊन बसतं!

आणि साफसफाई माझ्याकडे. घरी मीच, इथंही मीच. प्रोग्राम चालताना काही फायली तात्पुरत्या बनवतो. काम झालं की त्या पुसून टाकायच्या असतात, स्वयंपाक झाल्यावर आपण ओटा पुसतो तसं. आमच्या इथं कुणी पुसायचं नाही. दिवसभर बिल्ड चालायचे, प्रत्येक बिल्ड आपला कचरा टेम्प नावाच्या फोल्डरमध्ये टाकून निघून जायचा, आणि दुपारपर्यंत डिस्क गच्च. मग आरोळी: "दीदी, डिस्क भर गई!" जसं काही मीच भरली. मी आपली जेवणाचा डबा अर्धा ठेवून उठायची, फोल्डर रिकामं करायची. संध्याकाळी भैया घरी जाताना मेन स्विच बंद करायचे, म्हणून सकाळी मशीन नव्यानं सुरू झाली की ते फोल्डर तसंही रिकामंच असायचं.

आणि ऐका पुढची गंमत. मी दुपारी फोल्डर रिकामं केलं, की त्यानंतरची पहिली टेस्ट पुन्हा लाल. तेव्हा काय म्हणायचे? "दीदी ने साफ किया, मशीन फिर ठंडी हो गई." अशानं तळपायाची आग मस्तकात जाते. घाण करणारे साव, आणि झाडणारी चोर.

तरी मी गप्प बसले असते. ऑफिसात किती ठिकाणी डोकं आपटायचं? पण ती रोज नापास होणारी टेस्ट कसली होती, तर गॅसच्या भोंग्याची. आणि तो भोंगा माझ्या दादाच्या डोक्यावर लागणार होता.

माझा मोठा भाऊ शहराबाहेर सिलतऱ्याला एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे लोखंड काढायच्या, प्लांटमध्ये भट्टीवर आहे. बाबा रेल्वेत होते, बदली होऊन अकोल्याकडून रायपूरला आले आणि इथलेच झाले. मी कॉम्प्युटर शिकले, दादा प्लांटमध्ये लागला. भट्टीचा गॅस विषारी असतो, आणि त्याला वास नसतो. धूर दिसतो, आग दिसते, हा दिसत नाही. एरवी मोठे पंखे तो ओढून धुराड्यातून वर काढतात. लाइट गेली की पंखे बंद, आणि गॅस उलटा फिरून माणसं उभी असतात तिथं येतो. लाइट गेली की गॅस, हे आमच्या घरात लहान लेकराला पण माहीत आहे. लग्नाच्या पंगतीत लाइट गेली तरी वहिनीचा हात तोंडाशी थांबतो.

एकदा असंच झालं होतं. लाइट गेली, दादा वर भट्टीपाशी होता. खाली उतरेपर्यंत त्याचे पाय लटपटायला लागले, शेवटच्या पायऱ्या त्याला दोघांनी धरून उतरवलं. प्लांटच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, उलट्या झाल्या, आणि तो बरा झाला. मी गेले तर पडल्या पडल्या मलेच म्हणते, "तू कायले आली एवढ्या उन्हात?" वहिनी बाहेरच्या बाकावर बसून होती, नुसती माझ्या पदराचं टोक धरून. तेव्हापासून प्लांटवाले गॅस मोजणारे मीटर लावायचं म्हणत होते. मीटरचा आकडा वाढला की एक प्रोग्राम भोंगा वाजवेल आणि माणसं खाली पळतील. तो प्रोग्राम बनवायचं काम फिरत फिरत आमच्याच ऑफिसात आलं. मला किती आनंद झाला होता! घरी पेढे नेले होते मी.

प्रोग्राम लिहिला आमच्या एका सहकाऱ्यानं. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, कामाला हुशार. आईवडील वर्ध्याकडचे, घरी मराठीच बोलतात, पण मी मराठीत विचारलं की हा हिंदीत उत्तर देणार. मी म्हणायची, "अरे, काहून लाजतं मराठीत बोलाले?" तर म्हणणार, "दीदी, समझ में सब आता है."

एका दुपारी डिस्क भरली, मी फोल्डर रिकामं केलं, भिंतीवर लाल आलं आणि मागून कुणीतरी ते "फिर ठंडी" म्हणालं. त्या दिवशी माझं डोकं सटकलं. म्हटलं, बघतेच आता ही थंड कशी होते ते. फोल्डर रिकामं केलं, टेस्ट स्वतः, एकदाच चालवली: लाल. पुन्हा चालवली: हिरवं. रिकामं केलं: लाल. पुन्हा: हिरवं. सहकारी म्हणाला, "दीदी, मशीन से खेल रही हो क्या?" मी फोल्डर पुन्हा रिकामं केलं. लाल आल्यावर फोल्डर उघडून पाहिलं, तर आत एक एवढीशी फाइल पडलेली. नापास होणारी टेस्ट जाता जाता ती ठेवून गेली होती.

त्या फाइलीत एकच आकडा होता. गॅस किती वाढला की भोंगा वाजवायचा, ती मर्यादा. प्रोग्राम मीटरचा आकडा घ्यायचा, ही फाइल उघडायचा, दोन्ही आकडे ताडून बघायचा. आणि फाइल नसली तर? मी प्रोग्राम वाचला. फाइल नसली, तर तो गप्प बसायचा. काही म्हणजे काही करायचा नाही. मग ती फाइल नवी बनवून ठेवायचा, पुढच्या वेळेसाठी.

पुन्हा वाचलं, तेच. मशीन थंड नव्हती, कधीच नव्हती. प्रोग्राम नव्यानं सुरू झाला की पहिल्या वेळी भोंगा वाजतच नव्हता. दुसऱ्या वेळी वाजायचा, तो पहिल्या वेळचा कचरा तिथं पडलेला असायचा म्हणून. आणि आम्ही रोज सकाळी त्या कचऱ्यावर पास होऊन हिरव्या स्क्रीनखाली चहा पीत होतो.

प्लांटमध्ये हे कसं होणार, ते सांगायला ज्योतिषी नको. लाइट जाणार. कॉम्प्युटर बंद. थोड्या वेळानं जनरेटर सुरू होणार, कॉम्प्युटर नव्यानं उठणार, टेम्प फोल्डर रिकामं. पण मोठे पंखे जनरेटरवर चालत नाहीत, ते अजून बंदच, म्हणून गॅस वर आलेला. मीटर ओरडून सांगणार, गॅस वाढला, आणि आमचा प्रोग्राम म्हणणार, थांबा, पुढच्या वेळी बघू.

सहकाऱ्याला दाखवलं. त्याचा चेहरा उतरला, हे मी कबूल करते. पण लगेच म्हणाला, "दीदी, दूसरी रीडिंग में तो बजेगा." मी विचारलं, दुसरं रीडिंग कधी येते? मीटर आकडा बदलला तरच नवीन रीडिंग पाठवायचा. गॅस भरला आणि तसाच राहिला, तर दुसरं रीडिंग येणार कुठून? त्यानं प्रोग्राम वर-खाली करून पाहिला. मग म्हणाला, "भैया से पूछना पड़ेगा."

मी विचारायला थांबले नाही. बिल्डमध्ये एक ओळ टाकली: प्रत्येक टेस्टच्या आधी, तिन्ही वेळा, टेम्प फोल्डर रिकामं कर. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लाल. मग जो गोंधळ माजला, काही विचारू नका. "दीदी ने बिल्ड तोड़ दिया!" इतके दिवस तुटलेलं कुणाला दिसलं नाही, मी दिवा लावला तर म्हणे दीदीनंच तोडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

भैयांनी केबिनमध्ये बोलावलं. मी सगळं समजावून सांगितलं, कागदावर चित्र काढून सांगितलं. ते ऐकत होते, मान हलवत होते. मला वाटलं, समजलं. मग म्हणाले, "मतलब दूसरी बार में तो बजता है ना?"

"भैया, पहली बार में नहीं बजता!"

"हाँ हाँ, वो समझ गया. देखो दीदी, अगले हफ्ते प्लांट में लगाना है, तारीख दे चुके हैं. अभी लगा देते हैं, अगले अपडेट में ठीक कर देंगे. वो लाइन हटा दो."

"नहीं हटाऊँगी."

तेव्हा ते जे बोलले, ते माझ्या फार जिव्हारी लागलं. अगदी मवाळ आवाजात, समजूत काढल्यासारखं म्हणाले, "आपका भाई वहाँ है, इसलिए आप इमोशनल हो रही हो."

हो, आहे भाऊ! काहून नसावा? तिथं वर चढणारा प्रत्येक जण कुणाचा तरी भाऊच आहे. मी हे मराठीतच बोलले, मोठ्यानं, आणि दार आपटून बाहेर आले. नंतर वाईटही वाटलं, डबा घेऊन आलेला माणूस तो. पण दार आपटलं ते आपटलं.

रविवारी दादाकडे बीरगांवला गेले. वहिनीनं झुणका-भाकर केली होती. दादा हात धुवून ताटावर बसतो न बसतो तोच म्हणाला, "काय व, तुमच्या भोंग्याचं काय होऊन राहिलं? आमचे लोक रोज मलेच विचारतेत. म्हणतेत, बहीण तुही तिथं अन् भोंगाच येत नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. घास हातात धरून सांगितलं. वहिनी भाकर थापायची थांबली. दादानं शांतपणे ऐकलं, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "हे पाय, आमच्या इथलं कन्वेअर दोनदा बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही. लिफ्टचं दार दोनदा आपटा लागते. पहिल्यांदा आमच्या इथं कोणतं वाजते? दुसऱ्यांदा वाजते ना? मंग लावून टाका."

"दादा, गॅस आहे तो! लिफ्टचं दार नाही!"

"अवं, आता काहीच नाही त्याच्यापेक्षा तं बरं. खिशातला मीटर सगळ्याइत एक, त्याची बॅटरी कधी असते, कधी नसते. लावा तुम्ही."

आता याला काय म्हणावं? ज्याच्यासाठी मी ऑफिसात वैर घेऊन राहिले, तोच म्हणते, लावा. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. मी जेवण टाकून उठणार होते, पण वहिनीनं हात धरून बसवलं. दादा मधल्या खोलीत जाऊन झोपला. वहिनी हळूच म्हणाली, "तुमी नका सोडू हो ताई. यायले काई समजत नाही." आणि ताटात भाकर वाढली.

सोमवारी ऑफिसात आले, तर भिंतीवर हिरवं. माझी ओळ गायब. सहकाऱ्याकडे पाहिलं तर तो स्क्रीनमध्ये डोकं खुपसून बसलेला. म्हणाला, "भैया ने बोला, दीदी. मैं क्या करता?" त्याच्यावर मी ओरडलेसुद्धा नाही. नोकरी करणारा माणूस, दोन लेकरं. पण मनात म्हटलं, ठीक आहे, आता मी प्लांटला येते. भैयांना सांगितलं, बसवायच्या दिवशी मला यायचंय. ते खूश झाले. त्यांना वाटलं, राग गेला. "हाँ, आओ ना, भाई से भी मिल लेना."

तर गेलो आम्ही तिघं सिलतऱ्याला. दुपारची वेळ, रस्त्यावर काळी धूळ, झाडंही काळी. मीटर वर भट्टीजवळ लावलेला, भोंगा त्याच्याच बाजूला खांबावर, आणि कॉम्प्युटर खाली कंट्रोल रूममध्ये. प्लांटचे सेफ्टी ऑफिसर रिटायरमेंटला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांच्यासमोर भोंगा वाजवून दाखवायचा, त्यांनी सही केली की काम संपलं. भट्टीवरची सगळी शिफ्ट बघायला खाली जमली होती. त्यात दादा, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मिशीवर धूळ. मला पाहून त्यानं बाजूच्याला कोपरानं ढोसलं, ही पाय, माही बहीण.

सगळे जमायच्या आधीच भैयांनी सहकाऱ्याला सांगितलं होतं, "एक बार चला के गरम कर लो." आणि त्यानं केलं होतं! मी स्वतः पाहिलं. फाइल तयार होऊन पडली होती. आता समोर कितीही वेळा चालवलं तरी भोंगा वाजणारच. फसवायचा हेतू कुणाचाच नव्हता, हे मी आजही सांगते. त्यांना खरोखरच वाटत होतं, की मशीन गरम करावी लागते.

मी पुढे झाले. सेफ्टी ऑफिसरांना म्हटलं, "सर, लाइट जाने के बाद का टेस्ट करना चाहिए. कंप्यूटर का मेन बंद करके फिर चालू करते हैं, तब देखते हैं."

भैया लगबगीनं म्हणाले, "उसकी ज़रूरत नहीं है सर."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं. "बंद करिए," एवढंच म्हणाले.

कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा सुरू केला. एक जण छोटं सिलिंडर घेऊन वर गेला. त्यात तपासणीपुरता थोडासा गॅस असतो, तो मीटरच्या तोंडाशी सोडायचा. त्यानं वरून हात हलवला, सोडला म्हणून. खाली कॉम्प्युटरवर मीटरचा आकडा चढला. आम्ही सगळे दारात येऊन माना वर करून भोंग्याकडे बघत उभे. भोंगा गप्प. भट्टीची घरघर तेवढी चालू. कुणीतरी खोकलं.

"मशीन अभी ठंडी है सर," भैया म्हणाले. "एक बार और."

वरच्या माणसानं पुन्हा गॅस सोडला. आणि भोंगा असा काही वाजला, की कबुतरं उडाली. मग काय झालं सांगू? टाळ्या! सगळ्या शिफ्टनं टाळ्या वाजवल्या. भैया हसले. सहकाऱ्यानं कपाळाचा घाम पुसला. "चल गया, चल गया!" आणि त्या घोळक्यात सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवत होता माझा दादा. बहिणीचं कौतुक म्हणून.

मला काय झालं कोण जाणे. मी एवढ्या लोकांत, माझ्या मालकासमोर, साहेबांसमोर, बोंबललेच: "दादा! टाळ्या कायले वाजवून राहिला तू? पहिल्या वेळी तू मेला होता! त्या तिथं वर, आता, मेला होता तू!"

तो घोळका छत्तीसगढी, बिहारी, ओडिया. मराठी कितीशा जणांना येत असेल? पण सगळे थांबले. दादाचे हात तसेच राहिले. त्यानं वर मीटरकडे पाहिलं, सिलिंडर घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाकडे पाहिलं, आणि मग बाजूच्याला हळू आवाजात हिंदीत सांगितलं मी काय म्हणाले ते. ते एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. मी रडत होते, राग इतका आला होता की रडण्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

साहेबांनी सही न करताच हातातला पेन खिशाला लावला. भैयांना म्हणाले, "पहली बार में बजेगा तब बुलाइए."

भैया गाडीत जाऊन बसले. सहकारी मात्र कंट्रोल रूममध्ये आला, माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि मला म्हणाला, "बोला ताई, काय करायचं?" मराठीत. मी चमकून पाहिलं, पण त्या वेळी चेष्टा करायचं बळ नव्हतं.

करायचं फार नव्हतंच, हाच तर संताप. प्रोग्राम उठला की मीटरकडे बघायच्या आधीच मर्यादेचा आकडा तयार ठेवायचा. आणि तरीही तो सापडला नाही, तर गप्प बसायचं नाही. भोंगा वाजवायचा. काही समजत नसेल तर आधी बोंबलायचं, मग शोधायचं. सहकाऱ्यानं लिहिलं, मी बाजूला बसून वाचलं. तिकडे ऑफिसात फोन करून बिल्ड चालवायला लावला, माझी ओळ परत घालून, आणि तीन चान्सचा नियम काढून. टेस्ट पहिल्याच वेळी पास झाली. फोनवरचा माणूस दोनदा म्हणाला, "दीदी, पहली बार में हो गया!" जसं काही नवल घडलं.

तोवर घोळका पांगला होता. भट्टी कुणासाठी थांबत नाही. दादाची ड्युटी संपायला वेळ होता, तो परत वर गेला होता, भोंगा नाही, काही नाही, जसा रोज जातो तसा. मला खालून त्याचं पिवळं हेल्मेट दिसत होतं. साहेबांना बोलावलं, त्यांनी दादालाच ओरडून सांगितलं, सिलिंडर तूच धर.

नवा प्रोग्राम इथल्या कॉम्प्युटरवर चढवून आम्ही त्याचा मेन बंद केला. पुन्हा लावला. कॉम्प्युटर उठला. मी फोल्डर उघडून पाहिलं: मर्यादेची फाइल आधीच तयार. सहकारी दारात उभा राहून वर हात करून ओरडला, "सोडा!" दादानं मीटरच्या तोंडाशी सिलिंडर धरलं.

भोंगा वाजला. पहिल्याच वेळी, त्याच्या अगदी कानाशी. दादा दचकून दोन पावलं मागं सरला, हेल्मेट वाकडं झालं, एका हातानं कान दाबून तो खाली माझ्याकडे बघून ओरडायला लागला. त्या आवाजात काही कळत नव्हतं, पण तोंडावरून समजलं. "बंद कर व! ऐकू आलं, ऐकू आलं!"

बंद करायचं बटण माझ्या हाताशीच होतं. साहेब माझ्याकडे बघत होते, सहकारी बघत होता. दादा वरून हातवारे करत होता.

मी लगेच नाही दाबलं. अजून थोडा वाजू दिला.